आमचा फॉरवर्ड राइट बॅक का झाला? अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यकारी समितीचे सर्व सदस्य आणि इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) क्लबांचे मालक-चालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातला एक फुटबॉल प्रशिक्षक. तुम्ही मला ओळखत असण्याचं काही कारण नाही. पोटासाठी नोकरी वेगळी आहे. पण गेली २२ वर्षं रोज सकाळी साडेपाच ते आठ मी मैदानावर असतो आणि दहा ते सोळा वयाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. हे पत्र तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवून गप्प बसता आलं असतं. पण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. देशात जिथं जिथं कुणी पहाटे मैदानावर शंकू मांडतं, त्या प्रत्येकाचा आहे. म्हणून उघडपणे लिहितो आहे.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपण बांगलादेशाकडून १-० असं हरलो. तब्बल २२ वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवलं. २०२७ च्या आशियाई चषकाचं दार तर त्याच्या महिनाभर आधी, मडगावात सिंगापूरनं आपल्याला २-१ नं हरवलं तेव्हाच बंद झालं होतं. पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत आपले गोल किती? दोन. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशियाई चषक खेळलो. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, असे तीन सामने. तिथं गोल किती? शून्य.

बचाव कसाबसा चालतो, मिडफिल्ड धावतं, गोलकीपर जीव टाकतो. चेंडू डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत गेला की मात्र आपल्याकडं गोल मारणारा माणूस, फॉरवर्ड, नसतो. हे टीव्हीसमोर बसलेल्या बारा वर्षांच्या पोरालाही कळतं. माझं म्हणणं असं, की हा माणूस आपल्याकडं जन्माला येत नाही असं नाही. तो येतो, आणि आपल्याच व्यवस्थेत त्याला दुसरीकडं उभं केलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्याकडं एक पोरगा होता. नाव लिहीत नाही. तो अजून खेळतो आणि या पत्राचा त्याला त्रास होऊ नये. अकरा वर्षांचा असताना आला. अंगानं किरकोळ. पण उभं राहायची त्याची एक रीत होती. डिफेंडरच्या पाठीमागच्या खांद्याशी, त्याला मान वळवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी तो उभा राहायचा. मिडफिल्डरनं मान वर केली रे केली की अर्धं पाऊल आधी निघायचा. अर्धंच. ते अर्धं पाऊल मी त्याला शिकवलेलं नाही, मला ते कुणाला शिकवताही येत नाही. चेंडू डाव्या पायावर घेऊन गोलकीपर खाली बसायच्या आत मारायचा. जोरात नाही, कोपऱ्यात. सोळाव्या वर्षी एका व्यावसायिक क्लबच्या युवा संघात त्याची निवड झाली. मी त्या दिवशी घरी जाऊन आईच्या पाया पडलो.

दोन वर्षांनी त्याचा सामना बघायला गेलो. नंबर नऊला, म्हणजे सर्वांत पुढच्या फॉरवर्डच्या जागी, शोधत होतो, सापडेना. तो राइट बॅकला होता, मागं उजव्या कडेच्या बचावात. माझ्यासमोरच्या टचलाइनवर येऊन थ्रो-इन घेत होता. चेंडू फेकायच्या आधी दोन्ही हात जर्सीला पुसायचा, आणि दर वेळी समोरच्या डी कडं बघायचा. पूर्ण सामन्यात एकदाही तो त्या डी मध्ये गेला नाही. सामना संपल्यावर भेटला, तेव्हा मी रागातच विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "सर, वरच्या टीममध्ये पुढं फॉरेनरच आहेत. तिथं जागाच नाही. मागं खेळलो तर कधीतरी नंबर लागंल, असं कोच म्हणाले."

त्या कोचचा मला राग नाही. त्यांनी पोराच्या भल्याचाच विचार केला. युवा संघात परदेशी खेळाडू नसतातच. पण वरच्या संघात ज्या जागा मोकळ्या, त्या जागांसाठीच खालची पोरं घडवली जातात. वरच्या संघातला नऊ नंबर दरवर्षी परदेशातून येणार हे ठरलेलं असेल, तर अठरा वर्षांच्या फॉरवर्डवर कुठला कोच दोन वर्षं घालवील? आणि हे आता आणखी खाली झिरपलं आहे. गेल्या वर्षी एका बारा वर्षांच्या मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, याला विंगला नाहीतर मागं खेळवा, पुढं काय स्कोप नाही." त्या पोरानं त्याच आठवड्यात आंतरशालेय स्पर्धेत पाच गोल केले होते. मला उत्तर देता आलं नाही. हे पत्र म्हणजे त्या बापाला मी न दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. परदेशी खेळाडूंबद्दल माझ्या मनात कटुता नाही. ऐंशीच्या दशकात ईस्ट बंगालला इराणचा मजीद बिश्कर खेळला, त्याच्या आठवणी कोलकात्यातली माणसं आजही काढतात. चिमा ओकोरी, बॅरेटो, रँटी मार्टिन्स, ओडाफा यांच्याकडून आपल्या डिफेंडरांच्या पिढ्या शिकल्या. आमच्या कोल्हापूरच्या स्पर्धांतही बाहेरदेशीचे खेळाडू खेळले आहेत आणि शाहू स्टेडियमनं त्यांना डोक्यावर घेतलं आहे. पेठेतल्या पोरांनी त्यांच्याकडून चेंडू अंगाआड कसा धरायचा ते पाहून पाहून उचललं. चांगला परदेशी खेळाडू हा संघातला आणखी एक गुरूच असतो. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही, त्याला कुठं आणि किती खेळवायचं हे ठरवणाऱ्यांबद्दल आहे.

आता मुद्द्याचं.

पहिली तक्रार: तुम्ही डोकी मोजलीत, जागा मोजल्या नाहीत.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी सहा परदेशी आणि पाच भारतीय अशी सोय होती. भारताच्या लीगमध्ये अकरापैकी भारतीयच कमी. २०१७-१८ पासून परदेशी पाच झाले, २०२१-२२ पासून चार. हा सुधार झाला, तो मी मान्य करतो. पण राहिलेले चार कुठं उभे राहतात? एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डचा सूत्रधार आणि दोघे पुढं. म्हणजे संघाचा कणा. कडेच्या जागा, बाजूच्या जागा आपल्या पोरांना. आज भारतात बरे विंगर आहेत, बरे साइड बॅक आहेत, गोलकीपर तर चांगलेच आहेत. का आहेत? त्या जागांवर त्यांना दर आठवड्याला नव्वद मिनिटं मिळतात म्हणून. त्यात दुसरं कसलंही गुपित नाही.

गोल्डन बूटची, म्हणजे आयएसएलच्या दर हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यांची यादी काढून बघा. २०१४ एलानो, २०१५ मेंडोझा, २०१६ मार्सेलिन्हो, मग सलग दोन वर्षं कोरो, त्यानंतर वाल्स्किस, आंगुलो, ओगबेचे, दिएगो मॉरिसिओ, डायमांटाकोस आणि २०२४-२५ मध्ये २३ गोल करणारा अजाराई. अकरा हंगाम, एकही भारतीय नाव नाही. यातल्या कोरोनं १८ गोलांचा हंगाम केला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. ओगबेचेनं तेवढेच गोल केले तेव्हा ३७. दोघेही अव्वल दर्जाचे, त्यांचा खेळ बघायला मला मनापासून आवडायचं. पण एक प्रश्न छळतो. त्या दोघांच्या क्लबांत तेव्हा एकेक वीस वर्षांचा भारतीय फॉरवर्ड बेंचवर असणार. तो आज कुठं आहे?

दुसरी तक्रार: एका माणसाच्या पायांवर तुम्ही वीस वर्षं काढलीत.

सुनील छेत्री २००५ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला. ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध त्यानं निरोप घेतला, तेव्हा त्याच्या नावावर ९४ आंतरराष्ट्रीय गोल होते. साल्ट लेकवर माणसं रडत होती, मी घरी रडलो. नऊ महिने झाले आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं. वय ४०. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं पुन्हा गोल केला. त्याच २०२४-२५ च्या आयएसएल हंगामात त्यानं १४ गोल केले, भारतीयांमध्ये सर्वांत जास्त.

छेत्रीचं कौतुक करायला माझे शब्द अपुरे आहेत. पण चाळीस वर्षांचा माणूस देशातला सर्वांत धारदार फॉरवर्ड ठरतो, तेव्हा त्यात त्याचा मोठेपणा जेवढा आहे तेवढंच तुमचं अपयशही आहे. तो निवृत्त होणार हे तुम्हाला किमान आठ-दहा वर्षं आधी दिसत होतं. तेवढ्या वेळात दहा वर्षांचा पोरगा वीस वर्षांचा होतो. त्या वर्षांत 'छेत्रीनंतर कोण' हा प्रश्न प्रत्येक पत्रकार परिषदेत विचारला गेला आणि प्रत्येक प्रशिक्षकानं त्याचं उत्तर क्लबांकडं बोट दाखवून दिलं. क्लबांनी ते बोट महासंघाकडं वळवलं. मधल्या मधे पोरं मोठी झाली.

तिसरी तक्रार: राखीव संघांचं फुटबॉल तुम्ही कधी मनावर घेतलंच नाही.

ज्या पोराला वरच्या संघात मिनिटं मिळत नाहीत, त्याला ती दुसरीकडं कुठंतरी मिळाली पाहिजेत. २०२२ पासून क्लबांच्या तरुण खेळाडूंसाठी डेव्हलपमेंट लीग आहे, ती चांगलीच गोष्ट झाली. पण फॉरवर्ड काही मोजक्या सामन्यांत घडत नाही. फॉरवर्डचं काम चुकण्याचं आहे. तो दहा वेळा चुकतो तेव्हा अकराव्यांदा चेंडू जाळ्यात जातो, आणि त्या दहा चुका करायला त्याला वर्षभर दर आठवड्याला सामना हवा. डिफेंडरला चूक करू द्यायची नसते, फॉरवर्डला करू द्यायची असते. आणि आपल्याकडं नोकरी टिकवायची म्हणून कुठलाच कोच ती करू देत नाही. एका हंगामाच्या करारावर आलेल्या, तीन सामने हरला तर घरी जाणाऱ्या प्रशिक्षकाकडून ही अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे. त्याला संरक्षण नियमानं द्यायला हवं होतं. ते तुम्ही दिलं नाही.

'जगात सगळीकडं परदेशी खेळतात, आपणच का रडायचं?' असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. जगात काय झालं ते मीही जमेल तेवढं वाचतो, म्हणून त्याबद्दल थोडं लिहितो.

जपानची जे-लीग १९९३ मध्ये सुरू झाली. झिको, लिनेकर, लिटबार्स्की, अशी मोठी नावं त्यांनीही आणली. आपण देल पिएरो, पिरेस आणि ट्रेझेगे आणले तशीच. पहिल्या वर्षी सर्वाधिक गोल अर्जेंटिनाच्या रामोन दियाझचे होते, दुसऱ्या वर्षी एका जर्मन खेळाडूचे. आणि तिसऱ्या वर्षी, १९९५ मध्ये, मासाहिरो फुकुदा हा जपानी खेळाडू ३२ गोल करून पहिला आला. चौथ्या वर्षी काझुयोशी मिउरा. १९९८ मध्ये मासाशी नाकायामानं लीगमध्ये ३६ गोल केले आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये जपानचा विश्वचषकातला पहिलावहिला गोलही त्यानंच केला. त्यांनी जे केलं त्यात जादू नव्हती. मैदानावर एका वेळी तीनच परदेशी, आणि लीगमध्ये यायचं तर क्लबानं स्वतःचे युवा संघ चालवलेच पाहिजेत ही अट. त्यांना तिसऱ्या हंगामात जे साधलं ते आपल्याला अकरा हंगामांत साधलं नाही. हा फरक मला कुणीतरी समजावून सांगावा. जपानच्या आईबापांची पोरं काही वेगळ्या मातीची नसतात.

दक्षिण कोरियाची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते, कारण त्यांनी जागा मोजली. नव्वदच्या दशकात त्यांच्या क्लबांत परदेशी गोलकीपर वाढले आणि राष्ट्रीय संघाला गोलकीपर मिळेना अशी भीती निर्माण झाली. १९९९ पासून त्यांनी परदेशी गोलकीपरांवर बंदी घातली. बाकी जागा खुल्या, ही एक बंद. २००२ च्या विश्वचषकात कोरियानं उपांत्य फेरी गाठली, त्यात स्पेनविरुद्धच्या शूटआउटमध्ये पेनल्टी अडवणारा ली वून-जे त्यांच्याच लीगमधला. काम झाल्यावर, क्लबांना गोलकीपर महाग पडू लागल्यावर, ती बंदी २०२६ पासून उठवायचा निर्णयही त्यांनीच घेतला. नियम गरजेपुरता असतो, गरज संपली की काढता येतो. असा नियम करायला आशियात कुणाची आडकाठी नव्हती आणि नाही.

जर्मनीनं उलटा रस्ता धरला. एप्रिल २००१ मध्ये एनर्जी कॉटबस या क्लबानं बुंडेसलीगाच्या सामन्यात अकराच्या अकरा परदेशी उतरवले, तेव्हा तिथं मोठा गहजब झाला. त्याआधीच २००० च्या युरो स्पर्धेत त्यांचा संघ गटात तळाला राहिला होता. त्यांनी दारं लावून घेतली नाहीत. वरच्या दोन्ही विभागांतल्या सगळ्या क्लबांना युवा अकादमी सक्तीची केली. पुढं परदेशी खेळाडूंची मर्यादाही काढून टाकली आणि त्याऐवजी क्लबानं स्वतः घडवलेले किती खेळाडू हवेत ते ठरवलं. २०१४ चा विश्वचषक त्यांनी जिंकला. इंग्लंडचंही तसंच. २६ डिसेंबर १९९९ ला चेल्सीनं एकही इंग्रज नसलेला संघ उतरवला आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं तिथं हीच ओरड चालू होती. २०१२ पासून त्यांनी अकादम्यांची नव्यानं बांधणी केली. पाच वर्षांनी त्यांची सतरा वर्षांखालची मुलं विश्वविजेती झाली. कुठं? आपल्याच साल्ट लेकवर, २८ ऑक्टोबर २०१७ ला, स्पेनला ५-२ असं हरवून. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांच्या ऱ्हियन ब्रूस्टरचे होते. आपणही त्याच स्पर्धेत होतो. आपल्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुढं खेळला, त्या दिवसांत इथली पोरं झोपलेली नव्हती. भारताचा त्या विश्वचषकातला एकमेव गोल जॅक्सन सिंगनं कॉर्नरवर डोक्यानं केला, तो मिडफिल्डर.

नुसती दारं बंद करूनही भागत नाही, हेही मी जाणतो. १९६६ मध्ये उत्तर कोरियाकडून हरल्यावर इटलीनं परदेशी खेळाडू घ्यायचे बंद केले ते थेट १९८० पर्यंत; तसलं काही मी मागत नाही. आणि कागदावरचा नियम कसा फसतो ते चीनमध्ये दिसलं. २०१७ मध्ये तिथं प्रत्येक संघानं २३ वर्षांखालचा खेळाडू सुरुवातीपासून उतरवलाच पाहिजे असा नियम झाला. क्लबांनी काय केलं? पोराला उतरवायचं आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर बोलवायचं. त्या पोराचं काय होत असेल याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. अख्ख्या गावासमोर वीस मिनिटांत बोर्ड वर, नंबर तुझा.

चौथी बाब तक्रारीपेक्षा काळजीची आहे. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आई भारतीय, मन इथं रमलं, त्यासाठी स्वतःचा पासपोर्ट सोडला. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. त्याच्या आधी २०१३ मध्ये इझुमी अराता जपानचं नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला, त्याचंही आपण स्वागतच केलं. बांगलादेशाला हमजा चौधरीसारखा परदेशात वाढलेला खेळाडू मिळाल्यावर आपल्याकडंही परदेशस्थ भारतीयांना शोधा, नागरिकत्वाचे नियम सैल करा अशी मागणी वाढली आहे. शोधा, जरूर शोधा. पण हा शॉर्टकट एकदा सापडला की फॉरवर्ड घडवायचं काम आणखी दहा वर्षं मागं पडेल, ही माझी भीती आहे. लीगमध्ये नऊ नंबर बाहेरून आणायचा आणि मग राष्ट्रीय संघातही बाहेरूनच आणायचा, तर आमच्या पोरांनी सकाळी साडेपाचला उठायचं कशासाठी?

हे सगळं आत्ताच का लिहितो आहे, तर वेळ आत्ताचीच आहे. लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला महासंघाचा १५ वर्षांचा व्यापारी करार ८ डिसेंबर २०२५ ला संपला. जुलै २०२५ मध्ये लीग थांबली तेव्हा खेळाडूंचे, कोचांचे, मैदानावर चुना मारणाऱ्यांचे सुद्धा पगार टांगणीला लागले. त्या काळात किती परदेशी खेळाडू निघून गेले ते आपण पाहिलं. त्यांना जाता येत होतं. आमच्या पोरांना जायला दुसरी लीग नाही. त्यांच्यासाठी हीच. आता पुढच्या वर्षांची चौकट तुम्ही नव्यानं लिहिणार आहात. प्रसारण, पैसे, पदोन्नती-पदावनती यांवर खूप चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण फॉरवर्डच्या प्रश्नावर एक ओळही चर्चेत नसेल, तर आपण तीच चूक नव्या कागदावर उतरवून काढू.

म्हणून माझ्या मागण्या.

एक. प्रत्येक हंगामाच्या शेवटी, कोणत्या क्लबानं कोणत्या जागेवर भारतीय खेळाडूंना किती मिनिटं खेळवलं, याचा तक्ता महासंघानं जाहीर करावा. याला एक रुपयाही लागत नाही. आकडे तुमच्याकडं असतातच. लोकांसमोर आले की क्लबांच्या चाहत्यांनाच ते विचारावंसे वाटतील.

दोन. मध्यवर्ती निधीतला ठरावीक वाटा क्लबांना या मिनिटांवर वाटावा. ऑस्ट्रियात देशी खेळाडूंच्या मिनिटांवर क्लबांना पैसे वाटायची पद्धत आहे. आपण त्यात २३ वर्षांखालच्या भारतीय सेंटर फॉरवर्डच्या मिनिटाला सर्वांत जास्त मोल द्यावं. मी कोरियासारख्या सरळ बंदीचाही विचार केला होता. पण गोलकीपर हातमोज्यांवरून ओळखता येतो, फॉरवर्ड तसा ओळखता येत नाही. क्लब त्याला विंगर म्हणून नोंदवतील आणि नियमाचं हसं होईल. पैसा मात्र मिनिटं मोजून देता येतो, आणि वीस मिनिटांत बाहेर काढलेल्या पोराचे वीस मिनिटांचेच पैसे मिळतील.

तीन. देशांतर्गत चषक स्पर्धांत, किमान सुरुवातीची तीन वर्षं, परदेशी खेळाडूंची संख्या लीगपेक्षा कमी ठेवावी. मैदानावर दोन पुरेत. चषक स्पर्धा ही पोरांना उजेडात आणायची जागा होऊ द्या.

चार. राखीव संघांची लीग पूर्ण हंगामभर चालावी, प्रत्येक संघाला किमान पंचवीस सामने मिळावेत, आणि वरच्या संघात बेंचवर बसलेल्या भारतीय फॉरवर्डला वयाची अट न लावता तिथं खेळायची मुभा असावी. ज्याला तिथंही जागा नाही, त्याला खालच्या विभागात उसनं द्यायचे नियम सोपे करावेत.

पाच. फॉरवर्ड घडवणं हे वेगळं काम आहे हे मान्य करून प्रत्येक परवानाधारक अकादमीत त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षक सक्तीचा करावा. त्यांना शिकवायला माणसं आपल्याकडं आहेत. छेत्री आहे. १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक १४ गोल करणारा बायचुंग भुतिया आहे. भारतीय माणूस भारताच्या लीगमध्ये पहिला येत होता, हे आजच्या पोरांना त्याच्या तोंडून ऐकू द्या. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा होता, हे माझ्या मैदानावरच्या एकाही पोराला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा दोघांनी तिथंच फोनवर शोधून बघितलं, की मी खरं बोलतो का.

सहा. परदेशस्थ भारतीय खेळाडूंबद्दल धोरण लेखी असावं आणि जाहीर असावं. किती, कोणत्या वयाचे, कोणत्या जागेसाठी. आणि त्यासोबत त्याच जागेवर देशात कोण तयार होतो आहे, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

तुमच्यापैकी बरेच जण स्वतः खेळलेले आहेत. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांनी २०१६-१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबाला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली आहे. कमी पैशात, बहुतांश इथल्याच पोरांना घेऊन काय करता येतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना सोबत घेऊन बसा आणि त्यांना काय हवं ते विचारा. मला खात्री आहे, ते पहिल्यांदा फॉरवर्डच मागतील.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. पुढच्या हंगामाचे नियम जाहीर कराल, त्यात वरच्या सहापैकी काय आहे आणि काय नाही, आणि नसेल तर का नाही, एवढं सर्वांसमोर सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी कोल्हापुरात आलात, तर सकाळी मैदानावर या. ते पाच गोलवालं पोरगं अजून माझ्याकडं आहे. त्याला मी पुढंच खेळवतो आहे; त्याच्या वडिलांकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली आहे. त्यातले सात महिने उरलेत.

आपला,
एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर